मेल्या फोनला मणभर चार्जिंग

जुन्या स्मार्टफोनची आठवण काढून हळहळायचं ठरवलं असेल, तर आधी तुमचं अभिनंदन. पण हे काम दिसतं तितकं सोपं नाही. 'काय दिवस होते ते' म्हणून नुसता उसासा सोडणारे पैशाला पासरी मिळतात. दर्जेदार हळहळीला थोडा सराव लागतो आणि मुख्य म्हणजे विसरण्याची दांडगी ताकद लागते. मेल्या म्हशीला मणभर दूध असतं, हे आपल्या पूर्वजांनी हातात फोन नसताना ओळखलं होतं. आपल्याला तर पुराव्यादाखल फोटोही काढता येतात.

सुरुवातीलाच एक सांगतो. नेमका कुठला फोन आठवायचा, हे कधीही नक्की करू नका. नवशिके इथेच फसतात. ते एकच फोन धरून बसतात आणि मग त्याचं सगळंच आठवायला लागतं. मुरलेला माणूस चार फोन मिळून एक फोन करतो. आठवडाभर टिकणारी बॅटरी त्या साध्या, बोलण्यापुरत्या आणि एसएमएसपुरत्या फोनची घ्यावी. कीबोर्ड ब्लॅकबेरीचा. कॅमेरा २००७ साली आलेल्या नोकिया एन-९५चा, पाच मेगापिक्सेलचा. जिन्यावरून गडगडत जाऊनही न फुटणं हा गुण ज्याचा आठवेल त्याचा. असा फोन कुठल्याच कंपनीने कधी बनवला नाही, ही त्यातली सगळ्यात मोठी सोय. जो बनलाच नाही तो बिघडणार कसा?

बॅटरीचा विषय निघाला की साल सांगायचं टाळा. कारण कोणी तरी शहाणा १९९४चा आयबीएम सायमन काढेल. टचस्क्रीन, ईमेल, फॅक्स, कॅलेंडर असं सगळं असलेलं ते यंत्र स्मार्टफोनचा आद्यपुरुष मानलं जातं. वजन अर्ध्या किलोच्या वर आणि बोलत राहिलं की तासाभरात मान टाकायचं. अशा तपशिलाने मैफलीचा रंग जातो. तुम्ही खिशात विंडोज घेऊन फिरणाऱ्यांपैकी असाल तर आणखी जपा. त्या पॉकेट पीसी जातीच्या यंत्रांत २००३च्या आवृत्तीपर्यंत लोकांचे नंबर, नोंदी, भेटीच्या वेळा हे सगळं रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या स्मृतीत राहायचं. बॅटरी पार संपली की यंत्राचा पुनर्जन्म व्हायचा आणि पूर्वजन्मीचं त्याला काही म्हणजे काही आठवायचं नाही. २००५ साली नव्या आवृत्तीने हा आजार बरा केला. पण तुम्ही हे असं सांगू नका. 'तेव्हाचे फोन आपली माहिती साठवून ठेवत नसत' असं म्हणा. खोटं काही बोलल्यासारखं होत नाही आणि ऐकणाऱ्याला खासगीपणाच्या त्या सुवर्णकाळाचे कढ येतात.

टचस्क्रीनबद्दल बोलताना बोटांऐवजी भावनांवर भर द्या. तेव्हाचे बरेचसे पडदे दाबावर चालायचे. वरचा थर खालच्या थराला टेकेपर्यंत दाबायचं, मग फोनला कळायचं की आपण काही तरी म्हणतोय. त्यासाठी स्टायलस नावाची काडी मिळायची आणि ती हरवण्यासाठीच दिलेली असायची. माझी हरवल्यावर मी तीन महिने अंगठ्याचं नख वाढवून काढले. आज ते नख आठवून मला गहिवरून येतं. यंत्राशी माणसाचं असं शारीरिक नातं आता राहिलंय कुठे?

हेडफोनच्या भोकावर मात्र पोटभर रडा. इथे मी उपरोध बाजूला ठेवून तुमच्या शेजारी बसतो. साडेतीन मिलिमीटरची ती साधी जागा, कुठलाही हेडफोन कुठल्याही फोनला लावा. २०१६ साली आयफोनमधून ती काढून टाकली तेव्हा व्यासपीठावरून त्या कृत्याला 'धैर्य' म्हटलं गेलं. इतरांनी आधी खिल्ली उडवली आणि मग एकेक करून तेही धीट झाले. रडताना एवढंच सांभाळा की २००७च्या पहिल्या आयफोनात ते भोक इतकं खोलवर बसवलेलं होतं की बहुतेक हेडफोन त्यात जायचेच नाहीत, वेगळा ॲडॉप्टर लागायचा. आणि २००८ साली आलेल्या पहिल्या अँड्रॉइड फोनला, त्या सरकत्या कीबोर्डवाल्या जी-१ला, हे भोकच नव्हतं. तिथेही ॲडॉप्टर. ॲडॉप्टर हरवण्याची परंपरा अशी जुनी आहे. ती आपण निष्ठेने पुढे चालवतोय.

आता आकार. 'एका हातात मावणारा फोन हवा' हे वाक्य दोन्ही हातांनी टाइप करा, त्याला वजन येतं. २०११ साली गॅलॅक्सी नोट आला तेव्हा त्याच्या ५.३ इंची पडद्याला लोक पोट धरून हसले होते. फोन आहे की पाट, असा सूर होता. पुढे २०२० आणि २०२१मध्ये ॲपलने खास तुमच्यासारख्यांसाठी आयफोन काढला, नाव 'मिनी', पडदा कर्णाने मोजला तर ५.४ इंच. म्हणजे ज्याला आपण राक्षस म्हणून हसलो, त्याच्याहून या बुटक्याचा पडदा उंच. तरी तो तुम्ही घेतला नाही. तुम्ही नाही, मी नाही, आपल्यासारख्या कोणीच पुरेसा घेतला नाही, आणि २०२२मध्ये नव्या मालिकेतून मिनी गुपचूप गळाला. आता लहान फोनसाठी हळहळायला आपण पूर्ण मोकळे आहोत. बाजारात तो असता तर घ्यावा लागला असता.

एखाद्याने विचारलंच, 'जुन्या फोनवर तू करायचास काय?', तर गोंधळू नका. गेमचं नाव घ्या. मात्र नोकियाच्या एन-गेज या गेमवाल्या फोनचं घेऊ नका. २००३च्या त्या फोनवर बोलायचं तर त्याची कड कानाला लावावी लागे, त्यामुळे समोरून माणूस आपला कान कापून घेत असल्यासारखा दिसे. आणि गेम बदलायचा तर मागचं झाकण उघडून बॅटरी काढायची, कार्ड बदलायचं, बॅटरी परत बसवायची, फोन सुरू व्हायची वाट बघायची. एवढ्या वेळात खेळायची इच्छा मरून जायची. आज हजार रुपये मोजून 'डिजिटल संयमा'चं ॲप घेणाऱ्यांनी या रचनेचा अभ्यास करायला हरकत नाही.

सुरक्षिततेचे गोडवेही गा. म्हणा, तेव्हा कुठे होते असले व्हायरस! २००४ साली काबीर नावाचा किडा सिम्बियन या तेव्हाच्या प्रणालीवर चालणाऱ्या फोनमध्ये ब्लूटूथवरून शिरत होता, ते सोडून द्या. तो निदान सभ्य होता. आत येऊ का, असं विचारायचा. नाही म्हटलं की पुन्हा विचारायचा. तुम्ही त्याच्या टप्प्यात असेपर्यंत विचारतच राहायचा आणि शेवटी कंटाळून माणूस 'हो' दाबायचा. कुकी मान्य आहेत का, असं आज प्रत्येक पान विचारतं, त्या प्रथेचा हा मूळपुरुष असावा असा माझा दाट संशय आहे.

आणि आता नाजूक जागा. साधेपणा. 'तेव्हाचा फोन आपल्या मागे लागायचा नाही' हे तुमच्या हळहळीतलं हुकमाचं पान आहे, म्हणून ते नीट टाका. ब्लॅकबेरीवाल्यांसमोर टाकू नका. त्या फोनच्या कोपऱ्यात एक लाल दिवा लुकलुकायचा, काही आलंय म्हणून, आणि भली भली माणसं जेवता जेवता त्याच्याकडे बघत बसायची. एका अमेरिकी शब्दकोशाने २००६ सालचा शब्द म्हणून 'क्रॅकबेरी' निवडला होता. कोकेनच्या एका जातीचं नाव फोनला चिकटवलेलं होतं आणि तेव्हा पहिला आयफोन जन्मायलाही काही महिने बाकी होते.

तो पहिला आयफोन खरंच कोणाच्या मागे लागत नव्हता, हे मान्य. त्यात ॲप टाकता येत नव्हतं, व्हिडिओ काढता येत नव्हता, एका ठिकाणचा मजकूर उचलून दुसरीकडे चिकटवताही येत नव्हता. दोन वर्षं लोकांनी कॉपी-पेस्टसाठी आक्रोश केला. जून २००९च्या अपडेटमध्ये ते एकदाचं मिळालं. त्याच अपडेटमध्ये, त्याच पुडीत बांधून, आणखी एक वस्तू आली : पुश नोटिफिकेशन. म्हणजे ॲप बंद असलं तरी ते तुम्हाला हाक मारू शकेल याची सोय. आपण आनंदाने दोन्ही घेतल्या. तेव्हा हळहळताना २००९च्या जूनआधीच थांबा. पण मग कॉपी-पेस्टशिवाय राहावं लागेल, आणि जुन्या दिवसांची ती सुरेख पोस्ट तुम्ही दुसऱ्याची उचलून टाकणार होतात, तिचं काय करणार?

बॅटरीबद्दल एक खबरदारी राहिली. 'झाकण काढून बॅटरी बदलायचो' ही तक्रार खरी आणि न्याय्य आहे, म्हणूनच ती लवकर उरकून घ्या. युरोपीय संघाने २०२३मध्ये केलेला नियम फेब्रुवारी २०२७पासून सांगणार आहे की बॅटरी ग्राहकाला स्वतः काढता आली पाहिजे. त्यात पळवाटाही आहेत, त्यामुळे हळहळ एकदम बुडणार नाही. तरीही तक्रार दूर होण्याचा धोका असेल तिथे गाफील राहू नये.

एवढी तयारी झाली की प्रत्यक्ष कृती. खणाच्या तळाशी, तुटक्या हेडफोनच्या गुंत्याखाली जुना फोन सापडेल. बॅटरी फुगून झाकण उचललं गेलं असेल तर तो हलकेच बाजूला ठेवा आणि चार्जरला मुळीच लावू नका. लिथियमला नॉस्टॅल्जिया कळत नाही. बॅटरी सपाट असेल तर ती बारीक पिनचा चार्जर शोधा. त्यात एक संध्याकाळ जाईल, पण असा वेळ घालवणं हाच तर जुना काळ होता. लावा. थांबा. अजून थांबा. मग पडदा उजळेल, ती ओळखीची धून वाजेल, आणि गळा दाटून येत असतानाच फोन एक साधा प्रश्न विचारेल : वेळ काय झाली, तारीख कोणती?

घड्याळ तुम्ही कधीच सोडलंय. म्हणून किती वाजले ते बघायला नवा फोन हातात घ्याल. त्यावर आठ सूचना आलेल्या असतील. त्यातली एक उघडाल.

चाळीस मिनिटांनी मान वर कराल तेव्हा जुन्या फोनचा पडदा मालवलेला असेल. एखादं बटण दाबून बघा. तो अजून तिथेच आहे, वेळ विचारतोय.