खुलासा : दे ला सालची विजयमालिका मेटर डेईने तोडली नाही

कॅलिफोर्नियातल्या दे ला साल हायस्कूलची (अमेरिकन फुटबॉल) सलग १५१ विजयांची मालिका जुना प्रतिस्पर्धी असलेल्या मेटर डेई या खासगी शाळेने प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेरीत) खंडित केली, असं सांगितलं जातं. हे चुकीचं आहे. ४ सप्टेंबर २००४ रोजी सिएटलमध्ये, हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, वॉशिंग्टन राज्यातल्या बेलव्ह्यू हायस्कूलने त्यांना ३९-२० असं हरवलं. प्लेऑफला तेव्हा अजून बराच अवकाश होता. शिवाय बेलव्ह्यू ही सरकारी शाळा. चेंडू पोटाशी धरून धावत धावतच तिच्या पोरांनी दे ला सालचा बचाव फोडला. हे श्रेय दुसऱ्या खासगी शाळेला देणं मला अन्यायाचं वाटतं. मेटर डेईने झुंज दिली होती, २००० साली ३१-२८ पर्यंत. पण तो सामना प्रशिक्षक बॉब लाडूसर यांच्या दे ला सालनेच जिंकला होता.