फिनिक्समध्ये नळ कोरडा पडायच्या आधी एसी बंद पडेल

एरिझोनात नोकरी लागलेल्या, फिनिक्सच्या चँडलर-गिल्बर्ट या उपनगरांकडे घर बघणाऱ्या मराठी मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "तिथलं पाणी संपणार म्हणतात, खरं का हो?" प्रश्न वाजवी आहे, पण माझ्या मते या शहराबद्दलची काळजी बहुतेक जण भलत्याच ठिकाणी करत बसतात. फिनिक्सला पाण्याची चिंता आहेच. त्याहून मोठी चिंता आहे ती उन्हाळ्यातल्या रात्रीची.

आधी पाण्याचं बघू. शहराला पाणी तीन वाटांनी मिळतं. सॉल्ट आणि व्हर्डे या जवळच्या नद्यांवरची धरणं (त्यातलं रूझवेल्ट धरण १९११ सालचं), जमिनीखालचा साठा आणि कोलोरॅडो नदी. कोलोरॅडोचं पाणी हवासू तलावातून उचलून सुमारे ५४० किलोमीटरच्या कालव्याने फिनिक्समार्गे टूसॉनपर्यंत नेतात. गोम या कालव्यातच आहे. १९६८च्या कायद्यात तो मंजूर करून घेताना एरिझोनाने टंचाईच्या काळात पाण्याच्या रांगेत कॅलिफोर्नियानंतर उभं राहायचं कबूल केलं. त्यामुळे नदी आटली की पहिली कात्री इथे लागते. २०२२ साली ५ लाख १२ हजार एकर-फूट पाणी कमी झालं. एक एकर-फूट म्हणजे सुमारे सव्वाबारा लाख लिटर. त्याचा मोठा फटका पिनाल काउंटीच्या शेतकऱ्यांना बसला, शहरातल्या नळांना नाही. नदीच्या वाटपाचे सध्याचे नियम २०२६ अखेर संपतात. पुढच्या नियमांवरून सात राज्यांची ओढाताण चालली आहे आणि त्यात एरिझोनाची बाजू लंगडी आहे, हे मान्यच करायला हवं.

मग जून २०२३ मध्ये "फिनिक्समध्ये घरबांधणी बंद" अशा बातम्या का झळकल्या? १९८०च्या भूजल कायद्यानुसार इथे नवी वसाहत उभारायची तर १०० वर्षांच्या पाण्याची हमी दाखवावी लागते. राज्याच्या जलखात्याने हिशेब मांडला, तेव्हा पुढच्या १०० वर्षांत भूजलाच्या मागणीपैकी सुमारे ४ टक्के भागणार नाही असं दिसलं. म्हणून फक्त भूजलाच्या भरवशावर उभ्या राहणाऱ्या नव्या वसाहतींना दाखले देणं थांबवलं. अडकले ते बकाय, क्वीन क्रीक अशा कडेच्या गावांतले प्रकल्प. फिनिक्स, चँडलर, मेसा, टेंपी, स्कॉट्सडेल यांच्याकडे सबंध शहरासाठी हमीचा दर्जा आहे, त्यांना धक्का लागला नाही.

तेव्हा घर घेताना किचनच्या ग्रॅनाइटच्या आधी हे बघा: पाणी पुरवणाऱ्याकडे सबंध शहरासाठीचा हमीचा दर्जा आहे, की फक्त त्या वसाहतीपुरता दाखला? नव्या वसाहतीच्या पब्लिक रिपोर्टमध्ये, म्हणजे खरेदीदाराला मिळणाऱ्या अधिकृत माहितीपत्रात, पाण्याचा स्रोत लिहिलेला असतो. आणि कडेच्या वाळवंटातला सुटा, स्वस्त प्लॉट दिसला तर सावध व्हा. जमिनीचे सहा किंवा जास्त तुकडे केले तर ती वसाहत ठरते आणि हमी लागते, पाचापर्यंत लागत नाही. या पळवाटेतून स्कॉट्सडेलच्या हद्दीबाहेरची रिओ व्हर्डे फूटहिल्स ही वस्ती वाढली. स्कॉट्सडेलने १ जानेवारी २०२३ पासून तिथल्या टँकरना पाणी देणं थांबवलं आणि शेकडो घरं अडचणीत आली. मराठवाड्यातल्या माणसाला टँकरचं नवल नाही, पण लाखो डॉलरच्या बंगल्यात अंगणातल्या टाकीचा काटा बघत अंघोळ करायची, हे चित्र घर घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे नसतं.

बाकी, राज्याचं सुमारे ७० टक्के पाणी शेतीला जातं. पाणी महाग होईल, शेती मागे हटेल, शहर ते विकत घेईल. हे न्याय्य आहे का, हा वेगळा वाद. पण शहराकडे वाट आहे.

रात्रीच्या उष्म्यावर अशी तयार वाट नाही. २०२३ मध्ये सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सियस किंवा त्याच्या वर गेला. लोक हा आकडा सांगतात. मला भीती वाटते ती १९ जुलैच्या किमान तापमानाची: ९७ फॅरनहाइट, म्हणजे ३६ सेल्सियस. हा दिवसाचा नीचांक! डांबर, काँक्रीट आणि ब्लॉकच्या भिंती दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर ओकतात, त्यामुळे शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. फिनिक्स ज्यात येतं त्या मॅरिकोपा काउंटीत त्या वर्षी उष्म्याने ६४५ माणसं गेली, २०२४ मध्ये ६०८. त्यात बेघर आणि व्यसनाधीन माणसं खूप होती, हे खरं. पण घरात दगावलेल्यांपैकी बहुतेकांच्या घरी एसी होता, फक्त तो चालत नव्हता.

एसी का बंद पडतो, हे इथे प्रत्येकाला ठाऊक असावं. जुलैत हटकून जातो तो रन कपॅसिटर, म्हणजे मोटरला चालायला मदत करणारा विजेचा छोटा भाग. उन्हात तापून त्याची क्षमता घटते. ४५ मायक्रोफॅरडचा भाग ४२च्या खाली मोजला गेला की बदलायचा. लक्षण असं: बाहेरचं युनिट गुणगुणतं, पंखा फिरत नाही. तसंच चालू ठेवलं तर काँप्रेसर जळतो आणि किरकोळ सुट्या भागाचं बिल हजारोंवर जातं, तेव्हा आधी ब्रेकर पाडा. स्वतः उघडू नका, वीज बंद केली तरी कपॅसिटर झटका देतो. दुसरं कारण पावसाळ्यातलं. हवेतला दमटपणा वाढला की एसीतून जास्त पाणी निथळतं, निचऱ्याच्या नळीत शेवाळ धरतं, तुंबलेल्या पाण्यावर तरंगणारा फ्लोट स्विच उचलला जातो आणि यंत्र थांबतं. महिन्यातून एकदा त्या नळीत कपभर व्हिनेगर ओता. फिल्टर दर महिन्याला बदला, धुळीचं वादळ येऊन गेलं की लगेच तपासा. तुंबलेल्या फिल्टरमुळे कॉइलवर बर्फ धरतो आणि बाहेर ४५ अंश असताना घरात थंड हवा येत नाही. आत ओढलेल्या आणि बाहेर फेकलेल्या हवेत ९ ते १२ सेल्सियसचा फरक हवा. हे सगळं एप्रिलमध्ये तपासून घ्या, जूनमध्ये मेकॅनिक मिळायची मारामार.

भाड्याने राहत असाल तर लक्षात ठेवा: फिनिक्स शहराच्या नियमाप्रमाणे एसी असलेलं भाड्याचं घर ८२ फॅरनहाइटपर्यंत थंड राहिलंच पाहिजे, पाण्याच्या कूलरचं ८६पर्यंत. मोबाइल होम पार्कच्या, म्हणजे हलवता येणाऱ्या तयार घरांच्या वस्तीच्या, मालकांना रहिवाशाचा एसी अडवता येणार नाही, असा कायदा मात्र यायला २०२४ उजाडलं! राज्याच्या नियामकाखालच्या वीज कंपन्या १ जून ते १५ ऑक्टोबर थकबाकीसाठी वीज तोडू शकत नाहीत. पण बिल माफ होत नाही, ते साचतं. गरीब घरात म्हणूनच एसी असूनही बटण दाबलं जात नाही. तिथे पैसे खर्च करावेत, असं माझं ठाम मत आहे.

झाडांबद्दल शहराने २०१० मध्ये ठरवलं होतं की २०३०पर्यंत २५ टक्के भागावर सावली असेल. ते जमणार नाही, हे रस्त्यावरून चालताना कळतं. लावलेली झाडंही नीट वाढवली जात नाहीत. मेस्किट, पालो व्हर्डे, आयर्नवुड ही इथली झाडं. ठिबकची नळी बुंध्याशी ठेवून रोज थोडं थोडं पाणी दिलं की मुळं वरच राहतात, आणि पावसाळी वादळात मेस्किट मुळासकट आडवं होतं. पाणी फांद्यांचा घेर जिथे संपतो त्याच्या खालच्या जमिनीत द्यावं, क्वचित पण भरपूर, दोन-तीन फूट मुरेल इतकं. खड्डा खणताना कॅलिची, म्हणजे चुनखडीचा सिमेंटसारखा थर लागला तर तो पहारीने फोडायचा. नाही तर तो खड्डा हौदच होतो, मुळं कुजतात.

पाणी कुठून आणायचं? चँडलरच्या सोसायट्यांमध्ये ज्यावर कोणी पाऊलही टाकत नाही अशा हिरवळीच्या पट्ट्या आहेत. त्यांच्यावर ऑक्टोबरात थंडीपुरतं हिरवं दिसावं म्हणून राई गवत पेरतात आणि ते उगवायला दिवसातून तीन-चारदा पाणी मारतात. ते पाणी फुटपाथकडेच्या झाडांना दिलं तर शाळेतून पायी येणाऱ्या मुलांच्या डोक्यावर सावली तरी येईल. एचओएच्या, म्हणजे सोसायटीच्या घरमालक संघटनेच्या, बोर्डात ही पेरणी बहुधा ऑगस्ट-सप्टेंबरात मंजूर होते. बैठकीला पाच-सहा माणसंही येत नाहीत. आपल्या लोकांची घरं तिथे भरपूर आहेत, आणि घरटी एक मत असतं.