सांबार टाका ना वरून!

लक्षद्वीपची जहाजाची सहल करून आलो त्याला पंधरा दिवस झाले, पण जो भेटेल तो एकच विचारतो, "जेवणाचं कसं होतं?" समुद्र कसा होता, कोणी विचारत नाही. नागपूरकर आहोत ना बाप्पा!

तर सांगते. जेवण साधं होतं. सकाळी इडली नाहीतर उपमा, दोन्ही वेळा भात, माशाचं कालवण, एखादवेळी चिकन, खोबरं घातलेली कोबीची भाजी. पुकारा झाला की ताट घेऊन रांगेत लागायचं. दुसऱ्याच दिवशी आमच्या ग्रुपमध्ये कुरकुर सुरू, "इतके पैसे घेतले अन् मेनू कार्ड नाही?" कोणी पनीर मागितलं. एक काका म्हणाले, "थोडा सांबार टाका ना वरून." केरळी वाढप्यानं अख्खी वाटी ओतली भातावर. बिचाऱ्याची काय चूक, कोथिंबिरीला सांबार म्हणणारे आपण!

मला राग आला तो आपल्याच लोकांचा. अरे, जहाज कोचीहून निघताना जे भरलं तेच चार-पाच दिवस पुरवायचं. वाटेत भाजी घ्यायला आपलं कॉटन मार्केट लागत नाही. बेटांवर तरी काय पिकतं? मुख्यतः नारळ. ३६ बेटांची मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर. नागपुरात अशी सहा-सात लक्षद्वीपं मावतील. तांदूळ, कांदे, भाजी, सगळं त्यांनाही समुद्रावरूनच येतं. नदी तर एकही नाही. कवरत्ती बेटावर २००५ पासून समुद्राचं पाणी गोडं करायचा प्रकल्प आहे, दिवसाला १ लाख लिटरचा. वरचं कोमट पाणी कमी दाबाखाली वाफवायचं अन् खोलातल्या थंड पाण्यानं त्या वाफेचं परत पाणी करायचं. हे ऐकल्यावर अर्धा ग्लास पिऊन उरलेलं ओतून देताना माझा हात अडखळला.

एकदा जहाजाच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. शेगडीभोवती लोखंडी पट्ट्या, भांडं घसरू नये म्हणून. आचारी पाय फाकवून उभा, जहाज डावीकडे कललं की तो उजवीकडे. मी दार धरूनही नीट उभी नव्हते अन् हा शेकडो माणसांचं कालवण ढवळत होता. घरी अचानक आठ पाहुणे आले तर माझी काय गत होते ते आठवलं.

सगळंच गोड होतं असं नाही. चहा म्हणजे दुधाच्या पावडरीचं पाणी. आमच्या जाऊबाई शाकाहारी, त्यांचे खरंच हाल झाले. तिसऱ्या दिवसापासून वरण-भात अन् घरून नेलेला ठेचा. त्यांची तक्रार मला मान्य आहे.

पण मासे खाणाऱ्यांनी का रडावं? जहाज बेटाच्या उथळ पाण्यात शिरत नाही, बाहेर थांबतं, आपण होडीतून उतरायचं. कल्पेनीला असं उतरून दुपारी ट्यूना खाल्ला. जाळं नाही, काठीला गळ लावून एकेक मासा ओढतात. मिनिकॉयला हाच मासा उकडून, धुरावर धरून, उन्हात लाकडासारखा कडक होईस्तोवर वाळवतात. मासमीन म्हणतात त्याला. आपल्या कुरड्या-सांडग्यांचंच गणित, हाताशी आहे तोवर टिकवून ठेवायचं.

अन् राजेहो, कस्तुरचंद पार्कजवळ तर्री-पोह्यासाठी ताटकळता, तेव्हा मेनू कार्ड मागता का? सावजीकडे नाक-डोळे पुसत तोच रस्सा पुन्हा घेता. मग जहाजावरच काहून पनीर आठवतं?

मासमीनचा एक तुकडा आणलाय, फोडायला बत्ताच लागेल. वास येतो म्हणून यांनी तो बाल्कनीत ठेवायला लावला. दोन दिवसांपासून शेजारची मांजर तिथून हललेली नाही.