पंख्याचं बेअरिंग पुरतं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

वाऱ्यावर डोलणाऱ्या शिल्पांच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "लोकांना उगाच घाबरवू नका. पंख्याचं ६२०१ बेअरिंग बसवलं की झालं. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या बेअरिंगवरच फिरतात ना? कधी हातात पाना धरलाय का?" शिवाय खर्च, फोटो आणि परदेशी नावं यांवर चार ओळी.

आधी माझी चूक. ६२०१ चा बाहेरचा व्यास मी ३० मिमी लिहिला होता, तो ३२ आहे. दुरुस्त केलाय. आता पान्याचं. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर माझी बावीस वर्षं गेली. अनोळखी माणसाला असं विचारायची रीत आपल्याकडे नाही, साताऱ्यातही नाही आणि सांगलीतही नाही.

पवनचक्कीचं उदाहरण तर तुमच्यावरच उलटतं. सेकंदाला ३-४ मीटरच्या खालच्या वाऱ्यात ती वीजच देत नाही. शिल्प हलायला हवं ते २ मीटरच्या झुळकीत. ५० सेंमी लांब, १० सेंमी रुंद पात्यावर त्या झुळकीचा जोर भरतो सुमारे १२ ग्रॅम. १० मीटरच्या वाऱ्यात तोच ३०० ग्रॅम होतो, कारण वेग पाचपट झाला की जोर पंचवीसपट. पंख्याला मोटर असते, ती सील (बेअरिंगच्या बाजूची झाकणं) आणि ग्रीसचा अडसर सहज ओढून नेते. १२ ग्रॅमला तो ओढवत नाही. बेअरिंग बोटावर धरून बाहेरची कडी फिरवून बघा, रबरी सील असेल तर लगेच थांबेल.

पातं नुसतं डोलायचं असेल तर बेअरिंग नकोच. दांडीचा जुना तराजू आठवा : पोलादी धार, पोलादी खाच. वाऱ्यावर हलणारी शिल्पं करणारे अमेरिकन शिल्पकार जॉर्ज रिकी यांनी लांब पाती अशाच धारेवर तोलली आणि आखूड टोकाला शिसं भरलं. शिसं थोडंथोडं घालत पात्याचा गुरुत्वमध्य धारेच्या किंचित खाली आणायचा. जितका धारेजवळ, तितकं डोलणं संथ. धारेच्या वर गेला की पातं उलटलंच. सोसाट्यात धार खाचेतून उडते, म्हणून वरून एक सैल पिन हवीच, धारेला न टेकणारी.

पूर्ण गोल फिरवायचं असेल तर बेअरिंग लागतं, हे लेखातही आहे. पण दोन्ही सील सुईनं उचकटा, आतली गोळ्या धरणारी जाळी वाकवू नका. पेट्रोलनं ग्रीस धुवा, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडा. वर पत्र्याची टोपी बसवा, नाहीतर एका पावसाळ्यात गोळ्या गंजतील.

खर्च आणि फोटोंवर बोलत नाही. परदेशी नावांचं म्हणाल तर हलत्या शिल्पांसाठी गाजलेला अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर १९१९ साली मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि मग शिल्पाकडे वळला. पान्याचं आणि शिल्पाचं नातं मी जुळवलेलं नाही.

तुमचं पातं अडत असेल तर लांबी, वजन आणि बेअरिंगचा नंबर लिहा, उत्तर देईन. पान्याचा विषय मात्र पुन्हा काढू नका.