सायकलिंगचे शूज निवडताना खोक्यावरचे आकडे बाजूला ठेवावेत

सायकलिंगचे शूज कोणते घ्यावेत, असे कोणी विचारले की उत्तरांची सुरुवात बहुतेक वेळा ब्रँडच्या नावापासून होते आणि शेवट कार्बनच्या सोलवर होतो. माझे मत नेमके उलट्या दिशेने जाते. शर्यतीत न उतरणाऱ्या, पण तासन्‌तास सायकल चालवणाऱ्या माणसाने पहिला विचार बुटाच्या रुंदीचा करावा, दुसरा टाचेच्या पकडीचा आणि तिसरा क्लीटच्या, म्हणजे बुटाच्या तळाला बसवून पेडलमध्ये अडकवायच्या तुकड्याच्या, जागेचा. सोलचा ताठपणा, वजन आणि मान्यवर नाव यांची पाळी त्यानंतर यावी. या क्रमाने गेले तर कमी किमतीतही उत्तम जोडी मिळते, आणि हा क्रम सोडला तर सर्वांत महाग जोडीसुद्धा पायाला चावते.

मुळात असे खास शूज प्रत्येकाला लागतातच, असेही नाही. कोलोरॅडो विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात धावण्याचे शूज आणि साधी पेडल यांची तुलना क्लीटच्या शूजशी केली होती. मध्यम जोर लावून सायकल चालवताना शरीराच्या ऊर्जेच्या खर्चात लक्षणीय फरक आढळला नाही. त्याच विद्यापीठातून 2020 मध्ये आलेल्या दुसऱ्या प्रयोगात, छोट्या अंतराच्या जोरकस स्प्रिंटमध्ये, क्लीटच्या शूजनी अधिक ताकद दिली. या दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या म्हणजे चित्र स्पष्ट होते. रोजच्या जाण्यायेण्यासाठी किंवा तासाभराच्या फेरीसाठी जाड, सपाट आणि फारसा न वाकणारा तळ असलेला साधा बूट पुरेसा आहे, आणि ज्याचे तेवढ्यावर भागते त्याने लोकांच्या आग्रहाखातर खिसा रिकामा करू नये. धावण्याचे शूज मात्र लांबच्या पल्ल्याला त्रास देतात, कारण त्यांचा मऊ फोम पावलागणिक बसणारा धक्का झेलण्यासाठी बनवलेला असतो, तर सायकलवर असा धक्का नसतो. तिथे चवड्याखालच्या एकाच जागेवर दाब पुन्हा पुन्हा येत राहतो. मिनिटाला 85 फेरे या गतीने तासाभरात प्रत्येक पाय पेडल 5100 वेळा दाबतो. मऊ तळ पेडलभोवती वाकतो आणि काही वेळाने पेडलची कड तळव्याला जाणवू लागते.

खास शूज घ्यायचे ठरले की पहिला फाटा क्लीटचा येतो, आणि इथली निवड पुढच्या सगळ्या खर्चावर परिणाम करते. लूक या फ्रेंच कंपनीने स्की बूट अडकवण्याच्या यंत्रणेवरून बेतलेले पेडल 1984 मध्ये आणले आणि पुढच्याच वर्षी बर्नार्ड ईनो यांनी ते वापरून टूर द फ्रान्स जिंकली, तेव्हापासून पाय पेडलवर धरून ठेवणारे चामड्याचे पट्टे आणि टो क्लिप मागे पडत गेल्या. त्या परंपरेतले रोड शूज तळाला तीन बोल्टची छिद्रे असलेले असतात, आणि त्यांचे प्लास्टिकचे मोठे क्लीट सोलच्या बाहेर आलेले राहते. शिमानो या जपानी कंपनीने 1990 मध्ये आणलेल्या एसपीडी पद्धतीत क्लीट धातूचे, छोटे आणि दोन बोल्टचे असते. ते रबरी तळाच्या खाचेत दडून बसते, त्यामुळे माणूस सायकलवरून उतरल्यावर माणसासारखा चालू शकतो. तीन बोल्टच्या शूजमध्ये गुळगुळीत फरशीवर आणि जिन्यावर जी कसरत करावी लागते, ती पाहणाऱ्याला गंमत वाटली तरी करणाऱ्याला वाटत नाही. शिवाय प्रत्येक पावलागणिक प्लास्टिक झिजते आणि क्लीट पुन्हा विकत घ्यावे लागते, तर धातूचे क्लीट बराच काळ टिकते.

तीन बोल्टच्या बाजूने सांगितले जाते की मोठ्या क्लीटमुळे दाब अधिक क्षेत्रावर पसरतो. हे चूक नाही. पण दोन बोल्टच्या शूजमध्येही सोल पुरेसा ताठ असेल तर क्लीटचा टोचरेपणा पायापर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच शर्यत हे उद्दिष्ट नसलेल्या माणसाने पहिली जोडी दोन बोल्टचीच घ्यावी, असे मी आग्रहाने म्हणतो. रस्त्यावरची सायकल आहे म्हणून रोड शूजच हवेत, हा निव्वळ समज आहे. पेडल बदलता येते, आणि शूजना सायकलची जात कळत नाही.

आता ताठपणाविषयी. अनेक उत्पादक खोक्यावर ताठपणाचा एक आकडा छापतात, आणि आठपेक्षा दहा बरे, दहापेक्षा बारा बरे, असा हिशेब ग्राहकाच्या मनात आपोआप सुरू होतो. वास्तविक हा आकडा प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या मापपट्टीवरचा असतो, त्यामुळे एका कंपनीचे दहा आणि दुसरीचे दहा यांची तुलना करून काहीही हाती लागत नाही. कार्बनचा सोल हलका आणि ताठ असतो, त्याची जाडी कमी ठेवता येते, आणि सर्व ताकदीनिशी उभे राहून पेडल मारणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. पण तोच ताठपणा चवड्याखालचा दाब वाढवू शकतो, आणि उन्हात पाच तास बसून चालवणाऱ्याच्या तळव्याची आग आग होण्याला हातभार लावतो. ग्लास फायबर मिसळलेला नायलॉनचा सोल किंचित लवतो, चालताना कमी छळतो आणि किमतीत बराच खाली राहतो. परवडणारे शूज म्हणजे तडजोडीचे शूज, हा ग्रह या एका मुद्द्यावर तरी पूर्ण खोटा ठरतो. हौशी सायकलस्वारासाठी नायलॉन हीच पहिली पसंती असावी, मग खिशात कितीही पैसे असोत.

खरा वेळ द्यावा तो मापाला. युरोपीय नंबर दोन तृतीयांश सेंटीमीटरच्या पायऱ्यांनी वाढतात, म्हणजे 42 नंबरचा बूट ज्या फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, चढवला जातो तो सुमारे 28 सेंटीमीटर लांब असतो, आणि अर्ध्या नंबरचा फरक जेमतेम 3 मिलिमीटरचा. पण हे सारे लांबीविषयी झाले. रुंदीविषयी नंबर अवाक्षर काढत नाही. सायकलिंगचे पुष्कळसे शूज अरुंद फर्म्यावर बेतलेले असतात, आणि रुंद चवड्याचा माणूस बूट आवळतो म्हणून एक नंबर मोठा घेतो. मग बोटांपुढे पोकळी राहते, टाच वर सरकते आणि क्लीटची छिद्रेही पायाच्या हिशेबात पुढे जातात, म्हणजे रुंदीचा प्रश्न लांबीने सोडवायला गेल्यावर दोन नवे प्रश्न उभे राहतात. त्यापेक्षा रुंद फर्म्याची आवृत्ती शोधावी. काही उत्पादक तीच बनावट जास्त रुंदीत देतात, आणि तिच्यासाठी फिरावे लागले तरी फिरावे.

रुंदी तपासण्याची एक साधी रीत आहे आणि तिला विक्रेत्याच्या मताची गरज लागत नाही. बुटातला इनसोल, म्हणजे तळव्याखालची सुटी गादी, बाहेर काढावा, जमिनीवर ठेवावा, टाच त्याच्या मागच्या कडेला नीट लावून त्यावर पूर्ण वजन देऊन उभे राहावे, आणि मग खाली बघावे. करंगळी किंवा तिच्या मुळाशी असलेले हाड इनसोलच्या कडेबाहेर डोकावत असेल, तर बुटात शिरल्यावर तेच मांस आत दाबले जाणार, हे उघड आहे. चवड्यातल्या हाडांमधून बोटांकडे जाणाऱ्या नसा असतात. दोन्ही बाजूंनी चवडा आवळला की त्या चेपल्या जातात, आणि आधी मुंग्या, मग बधिरपणा, मग तिसऱ्या-चौथ्या बोटापाशी जळजळ अशा क्रमाने तक्रार वाढत जाते. दुकानात पाच मिनिटे उभे राहून यातले काहीही जाणवत नाही, म्हणून डोळ्यांनी बघणे महत्त्वाचे.

माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि उष्णतेत सायकल चालवताना तर आणखी फुगतात. दोन्ही पाय मोजावेत आणि मोठ्या पायाला प्रमाण मानावे. सायकलवर जे मोजे घालायचे तेच घालून बूट चढवावा. दुकानातला पातळ मोजा फसवतो. बोटांपुढे जागा हवी, पण धावण्याच्या शूजइतकी नको, कारण पेडल मारताना पाऊल टाचेकडून बोटांकडे वळत नाही, त्यामुळे बोटे पुढच्या टोकावर आदळण्याचा प्रश्न फारसा येत नाही. बोटे आतल्या आत सहज हलली आणि टोकाला टेकली नाहीत, की पुरे. त्यानंतर बुटाचे टोक जमिनीला लावून टाच उचलून पाहावी. टाच आत सरकत असेल तर लेस कितीही आवळली तरी ती सरकणारच, आणि अशा वेळी लोक पायाच्या वरच्या भागावर पट्टे इतके करकचून बांधतात की रक्त पुढे जायला वाट उरत नाही. कृत्रिम कापडाचे शूज वापराने फारसे सैल होत नाहीत. ‘घालून घालून बसतील’ हे आश्वासन चामड्याच्या बाबतीत थोडेफार खरे असेल, या शूजच्या बाबतीत त्यावर विसंबू नये.

बांधण्याच्या पद्धतीवर फार खल करण्याचे कारण नाही. लेस स्वस्त असते, दाब सारखा पसरवते आणि तुटली तर कुठेही मिळते. वेल्क्रो चालत्या सायकलवर सैल करता येते, पण चिखल बसला की त्याची पकड कमी होते. फिरवून बूट आवळायची चकती सोयीची आहे आणि किंमत वाढवते. लेस निवडली तर तिची टोके चेनमध्ये जाणार नाहीत अशी खोचावीत, एवढेच.

बूट पायाला बसला तरी क्लीटची जागा चुकली तर सगळे मुसळ केरात जाते, आणि दोष मात्र बुटाला दिला जातो. सुरुवातीला क्लीट असे लावावे की पेडलचा आस अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या हाडाच्या खाली किंवा किंचित मागे येईल. चवडा जळत असेल किंवा पोटऱ्या लवकर थकत असतील तर क्लीट काही मिलिमीटर टाचेकडे सरकवून बघावे. या एका बदलाने थांबणाऱ्या तक्रारींसाठी लोक नवी जोडी विकत घेतात, हे पाहून वाईट वाटते. गुडघ्याला दुखापत होऊ नये म्हणून पायाला डावी-उजवीकडे थोडे वळू देणारे क्लीट घ्यावे. शिमानोच्या तीन बोल्टच्या क्लीटमध्ये पिवळे 6 अंश, निळे 2 अंश वळू देते आणि लाल अजिबात देत नाही, तेव्हा नवख्याने रंग आवडला म्हणून लाल उचलू नये. बोल्टला थोडे ग्रीस लावून ते 5 ते 6 न्यूटन मीटरपर्यंत घट्ट करावेत, आणि पहिल्या एकदोन फेऱ्यांनंतर पुन्हा तपासावेत, कारण सैल क्लीट टाच बाहेर वळवली तरी पेडलमधून सुटत नाही आणि माणूस थांबल्या जागी आडवा होतो.

राहिला पैशाचा प्रश्न. हिशेब एकट्या शूजचा न मांडता शूज आणि पेडल असा एकत्र मांडावा. क्लीट बहुधा पेडलबरोबर येतात, शूजबरोबर नाही, हे माहीत नसल्याने कित्येक जण ते वेगळे विकत घेतात. मागच्या वर्षीचा रंग, बंद होत आलेले मॉडेल, यांत पायाला काही कमी पडत नाही. ज्या पैशात कार्बन घेणार होता त्यातला थोडा भाग पायाच्या कमानीला आधार देणाऱ्या वेगळ्या इनसोलवर खर्च केला तर सपाट किंवा खूप उंच कमानीच्या पायाला अधिक आराम मिळतो, कारण शूजबरोबर येणारा इनसोल महागड्या जोडीतही बहुतेक वेळा पातळ फोमचा तुकडाच असतो. ऑनलाइन घेणार असाल तर परत करण्याची अट आधी वाचा आणि मापाची खात्री होईपर्यंत क्लीट बसवू नका, कारण सोलवर क्लीटचे व्रण उमटले की ती जोडी सहसा परत घेतली जात नाही.

वापरलेली जोडी घेण्यात कमीपणा नाही, मात्र वरून चकचकीत दिसते म्हणून भुलू नये. ती उलटी करावी, क्लीटच्या छिद्रांतील आटे शाबूत आहेत का ते एक बोल्ट फिरवून पाहावे, सोल आणि वरचा भाग जिथे चिकटवलेला असतो तिथे नख फिरवून फट शोधावी, आणि टाचेखालचे रबर बदलता येण्याजोगे आहे का ते विचारावे. आटे गेलेले असतील आणि आतली धातूची पट्टी वेगळी मिळत नसेल, तर ती जोडी फुकटातही घेऊ नये.