गच्चीवरचा पिवळा गुंड

आमच्या गच्चीवर एक पिवळा केसाळ भुंगा आहे आणि तो मला कपडे वाळत घालू देत नाही. अतिशयोक्ती नाही करत. मी बादली घेऊन दारातून बाहेर पाऊल टाकलं की हा नाकासमोर वीतभर अंतरावर हवेत उभा, जागच्या जागी, घूंऽऽऽ करत, आणि डोळ्यात डोळे घालून बघतो, म्हणजे मेंटल डोळे आहेत त्याचे, अर्ध्या तोंडाला डोळेच. मी डावीकडे सरकलो की तो डावीकडे, उजवीकडे सरकलो की उजवीकडे. शेवटी हेल्मेट घालून कपडे वाळत घालायला लागलो, तर समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू रोज आवर्जून खिडकीत यायला लागल्या.

मग पोरीने मोबाईलवर फोटो काढून अॅपमध्ये टाकला आणि जाहीर केलं, बाबा हा झायलोकोपा प्युबेसेन्स, सुतार भुंगा, नर आहे आणि नराला नांगीच नसते.

काय?

नांगी नसते. मधमाशी काय, हा भुंगा काय, नराला नांगी नसतेच, ती फक्त बायकांकडे. (हे ऐकून घरातल्या दोन्ही बायकांनी माझ्याकडे बघितलं, का ते माहित नाही.) म्हणजे हा जो गुंड मला धमकावत होता त्याच्याकडे हत्यारच नाही, नुसती दादागिरी. आईने पॅकिंगच्या लाकडाच्या मांडवावर कृष्णकमळ चढवलंय ना, तो त्याचा एरिया. मादी कधीतरी फुलावर येईल म्हणून साहेब तिथे दिवसभर पहारा देतात, दुसरा नर आला तर हाकलतात, चिमणी आली तर हाकलतात, आणि मी आलो तर मलाही त्याच यादीत टाकतात.

बरं, नर तो. मादी कुठाय? तर मादी आमच्या डोक्यावरच होती आणि कुणाचं लक्षच नव्हतं. इंचभर लांब, काळीकुळकुळीत, पाठीवर पिवळी लोकरीची शाल घेतल्यासारखी दिसते, पंख उन्हात निळे-जांभळे चमकतात. नर-मादी एकमेकांचे कुणी लागतात असं वाटतच नाही. नांगी हिच्याकडे, पण हिला वेळच नाही चावायला, मुठीत धरली तरच चावेल म्हणे, आणि मुठीत कोण धरणार. ही कामात. मांडवाच्या आडव्या लाकडात खालून बोट जाईल एवढं गोल भोक, कंपासने काढल्यासारखं, आणि कान लावला तर आत खर्रर्र खर्रर्र ऐकू येतं. लाकूड खात नाही बरं का ही, नुसतं जबड्याने कुरतडून बाहेर टाकते. म्हणजे माझ्या पांढऱ्या शर्टांवर. भुसा तर भुसा, वर पिवळे ओघळ पण, आणि त्यावरून बायकोने महिनाभर मला ऐकवलं की जेवताना सांडतोस कसा रे तू, वरणाचे डाग धुवून जात नाहीत. ते वरण नव्हतं. पराग खाल्लेल्या माशीची शी होती. हे सिद्ध झाल्यावर मला वाटलं सॉरी वगैरे येईल, तर उलट “मग तिथे खाली का वाळत घालतोस?”

आईला काहीच नवीन वाटलं नाही. ती पारायणवाली, म्हणाली माउलींनी पहिल्याच अध्यायात सांगून ठेवलंय, भुंगा कसलंही कोरडं लाकूड भेदतो पण कोवळ्या कळीत अडकून पडतो. आमच्या इथे कळीत कुणी अडकलेलं दिसलं नाही, लाकडाचं मात्र शब्दशः खरं निघालं. पेंट न मारलेलं मऊ लाकूड यांना फार आवडतं आणि मांडव बांधताना पेंटचे पैसे आम्ही वाचवले होते.

शेजारचे काका म्हणाले भोकात रॉकेल सोड आणि वरून एमसील लाव, विषय संपला. आईने काकांना अशी काही नजर दिली की काका चहा अर्धा ठेवून गेले. कारण वांगी. कुंडीतल्या वांग्याच्या फुलातला पराग बारीक छिद्रांतून बाहेर पडतो, फूल गदागदा हलवावं लागतं, मधमाशीला ते जमत नाही, आणि ही बाई फुलाला मिठी मारून अशी गुणगुणते की पराग मिठासारखा खाली. तेव्हापासून आई तिला “आपली ती” म्हणते.

आतमध्ये पण मोठा संसार आहे. बोगद्यात खोल्या, प्रत्येक खोलीत पराग आणि मध मळून केलेला गोळा, त्यावर एक अंडं, मग भुशाचीच भिंत, मग पुढची खोली. राणी नाही, कामकरी नाहीत, पोळं नाही, सगळं एकटीने. तरी कधीकधी मुलगी मोठी झाली की लगेच घर सोडत नाही, दारात पहाऱ्याला बसते, कारण दुसरी मादी येऊन तयार घर बळकावू शकते. भुंग्यांमध्ये पण जागेच्या भानगडी! आणि हे काही आमच्या पुण्यापुरतं नाही, ही जात इजिप्त-इस्राएलपासून इथपर्यंत पसरलीये, म्हणजे तिकडे पण कुणीतरी ओले कपडे हातात घेऊन उभा असणार.

मी म्हटलं ठीक आहे, मग रात्री वाळत घालतो कपडे. पोरगी म्हणाली बाबा थांबा, भीमाशंकरच्या जंगलात यांचीच एक बहीण आहे, ट्रँक्वेबारिका, ती रात्रीच बाहेर पडते, अमावस्येला पण उडते, नुसत्या चांदण्यांच्या उजेडात तिला रंग ओळखता येतात, २००८ साली त्यावर पेपर आलाय. मला माझे दोन मोजे एका रंगाचे आहेत का हे ट्यूबलाइटखाली कळत नाही.

पण ती भीमाशंकरला. आमच्याकडची दिवसपाळीवाली. म्हणून सध्या नऊची बातमी संपली की मी वर जातो, अंधारात दोरी चाचपत, आणि परवा आईची नऊवारी समजून सोसायटीच्या गणपतीचा पडदा झटकून पिळून पुन्हा वाळत घातला.