लोम्ब्रोसोच्या नावावर सेटलमेंटला बदनाम करू नका

सोलापुरात कुठे घरफोडी झाली की ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. 'गुन्हेगारी रक्तात असते, हे लोम्ब्रोसो या इटालियन शास्त्रज्ञाने सिद्ध केलंय. म्हणूनच इंग्रजांनी काही जमाती गुन्हेगार ठरवून सोलापुरात तारेच्या कुंपणात ठेवल्या. त्यांचं रेकॉर्ड बघा. असल्यांना फक्त धाक कळतो.' चांगली शिकलीसवरली माणसं तो पुढे पाठवतात, म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देतो.

लोम्ब्रोसोने काहीही सिद्ध केलेलं नाही. कवटी, जबडा, कान यांच्या ठेवणीवरून जन्मजात गुन्हेगार ओळखता येतो, असं त्याने 1876 च्या पुस्तकात मांडलं. पुढे 'जन्मजात' गुन्हेगारांचं प्रमाण त्याने स्वतःच बरंच खाली आणलं. इंग्लंडमधले तुरुंगाचे डॉक्टर चार्ल्स गोरिंग यांनी सुमारे 3,000 कैद्यांची मापं घेतली, ती विद्यार्थ्यांच्या आणि सैनिकांच्या मापांशी ताडून पाहिली आणि 1913 साली निष्कर्ष छापला: गुन्हेगाराचा असा वेगळा शारीरिक साचा नसतो. गोरिंग स्वतः आनुवंशिकता मानणारे होते. तरीही मापांनी लोम्ब्रोसोला साथ दिली नाही.

इंग्रजांनी लोम्ब्रोसोचं ऐकून कायदा केला, हे तर तारखांतच बसत नाही. गुन्हेगार जमाती कायदा 1871 चा, म्हणजे पुस्तकाच्या पाच वर्षं आधीचा. त्यामागे प्रयोगशाळा नव्हती, जातीचा हिशेब होता: सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर. 1911 च्या कायद्याने हीच समजूत सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानावर लादली.

आता रेकॉर्ड. हा मुद्दा सगळ्यांत फसवा आहे, कारण वरवर पाहता तो आकड्यांचा वाटतो. पारधी, टकारी, कैकाडी, कंजारभाट कुटुंबं सेटलमेंटमध्ये, म्हणजे सोलापुरातल्या त्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत, आणली गेली, ती एकेकावर खटला चालवून नव्हे. जमातीचं नाव यादीत आलं की पुरे. मग हजेरी आली. बाहेर जायचं तर पास आला. लेकीच्या लग्नाला परगावी निघालेला बाप पासाशिवाय सापडला, तर तोही शिक्षेला पात्र. घरात बसलेल्या तुम्हाआम्हाला जो गुन्हा करताच येत नाही, तो त्यांच्यासाठी मुद्दाम तयार केला, त्यात पकडलं आणि आज तेच रेकॉर्ड पुरावा म्हणून दाखवायचं! मुलांना आईबापांपासून तोडून वेगळं ठेवायची तरतूदही कायद्यात होती. त्याचा मला सगळ्यांत जास्त संताप येतो.

राहिला धाक. इटालियन विचारवंत चेझारे बेकारिया यांनी 1764 मध्येच लिहून ठेवलंय की शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा ती नक्की होणार, याची खात्री माणसाला गुन्ह्यापासून रोखते. तेही लांबचं वाटत असेल तर सांगोल्याहून आटपाडीकडे जा. तेव्हा आटपाडी औंध संस्थानात होती. तिथे 1939 मध्ये मॉरिस फ्रीडमन या पोलिश इंजिनिअरच्या कल्पनेतून स्वतंत्रपूर उभं राहिलं. खुनाची शिक्षा भोगणारे कैदी तिथे भिंतीशिवाय राहिले, माळरानावर शेती करू लागले, त्यांची बायकामुलंही सोबत आली. खुली वसाहत आजही आहे.

31 ऑगस्ट 1952 ला गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला. आपण तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. पण यादीच्या जागी 'सराईत गुन्हेगार' कायदे आले आणि तुरुंगांच्या नियमावल्यांमध्ये जमातींवरचा जुना शिक्का तसाच राहिला. 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाला या नियमावल्यांतला जातिभेद घटनाबाह्य ठरवावा लागला आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये, असंही पोलिसांना बजावावं लागलं. पत्त्यात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' लिहिणाऱ्या पोराला नोकरीच्या मुलाखतीत अजून वेगळे प्रश्न विचारले जातात. हा मेसेज त्याच्याही फोनवर येतो.